सतरा पावलं गडगा

१७ नोव्हेंबर, मंगळवार

पडला. सतरा पावलं मोजली, परत मोजली. सतराच.

काल दिवसभर समुद्र अंगावर येत होता तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. सकाळी जाऊन बघते तर आमच्या वाट्याचा गडगा मधोमध आडवा. दगड पार कुरणात येऊन पडलेत. आणि शेजारच्या क्वॉयनेस शेताच्या हद्दीला लागून तो दोन पावलांचा बेढब, पोट सुटलेला तुकडा आहे ना, जो क्वॉयनेसच्या माणसाने रचला असं हाकन सांगायचा, तो मात्र जसाच्या तसा. माझ्या नवऱ्याने रचलेलं पडलं आणि ते उभं! देवालाही डोळे नाहीत.

तीन मेंढ्या आत येऊन मजेत चरत होत्या. शाल हलवून, ओरडून हाकलल्या. यांना गवत म्हणजे गोड विष. पिढ्यान् पिढ्या किनाऱ्यावरचं शेवाळ खाऊन जगलेली ही जात. कोकरांच्या दिवसांत चार महिने आत घेतो, तेवढंच यांना सोसतं. त्याहून जास्त झालं की गवतातलं तांबं अंगात साठतं आणि एक दिवस उभ्याउभ्या कोसळतात. म्हणून तर बेटाला चहूकडून गडगा. माणसं आत, मेंढ्या बाहेर, समुद्राच्या अंगाला.

ज्याच्या वाट्याचा पडला त्याने तो उभा करायचा. नाही जमलं तर मेंढ्यांवरचा हक्क सोडायचा. हा नियम काही माझ्यासाठी बदलायचा नाही. हाकन जाऊन आठ महिने झाले. माझे गुडघे असे, की चुलीजवळून उठताना दोनदा विचार करते. मेंढ्या गेल्या की घर कशाला, आणि घर सोडलं की एर्लंड बसलाच आहे वाट बघत. "आई, कर्कवॉलला ये. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे." लिफ्ट घेऊन काय करू?

मला भीती वाटते. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. खूप भीती वाटते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

गोठ्याचं जुनं दार, दोन फळ्या, हाकनचं मासे धरायचं जाळं. सगळं ओढत नेलं आणि भगदाडाला बांधलं. तीन वाजता उजेड गेला, तोवर कसंबसं झालं. रस्त्यावरून काही दिसत नाही. क्वॉयनेसच्या शेतातून मात्र दिसतं.

आणि या वर्षी गडग्याच्या पाहणीची पाळी कुणाची? त्याचीच. अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललेले नाही, त्याच्या हद्दीत पाऊल टाकलेलं नाही, या वहीतही त्याचं नाव कधी आलेलं नाही. आताही येणार नाही.

बारा डिसेंबरला सभा. तीन आठवडे आणि तीन दिवस.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवार-गुरुवार लोकरीच्या शेडवर जायचं असतं. परवा वादळामुळे शेड बंदच होती. आज चुकवलं असतं तर कुणीतरी विचारत घरी आलं असतं, म्हणून गेले. यंत्र भरड केस वेगळे काढतं, खालची मऊ लोकर वेगळी. त्याआधी मी हाताने रंग निवडते. राखाडी, तपकिरी, काळी. हातात घेतली की कोणत्या किनाऱ्याची मेंढी ते मला कळतं. आज काही कळत नव्हतं. राखाडीत तपकिरी गेली. इस्बेलने न बोलता ती उचलून बाजूला केली. शाळेपासूनची मैत्रीण, तिला सगळं दिसतं.

"तुझ्याकडे काही पडलंबिडलं नाही ना गं?" तिने विचारलंच.

"हाकनच्या हातचा गडगा पडतो होय?" मी म्हटलं.

बायका सगळ्या खाली मान घालून लोकर उपसायला लागल्या. नेहमीचंच आहे. हाकनच्या हाताचं नाव काढलं की यांच्या माना खाली. ज्यांच्या नवऱ्यांना चार दगड धड लावता येत नाहीत, त्यांना झोंबणारच.

खोटं बोलले. आता भीतीत ही एक भर.

घरी आले तर भगदाडाच्या कडेला पाच-सहा दगड नीट लावलेले. कालच्या धांदलीत मीच लावले असतील. आठवत नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

मी नाही लावले.

आज शेडवरून परत आले, आणि तीन पावलं गडगा उभा. छातीइतका. तीन पावलं! गुडघेदुखीची बाई झोपेत उठून हे करत असेल असं कुणी म्हटलं तर मीच हसेन.

पण ते नाही. दगड कसे लावलेत ते पाहिलं. चार दगड आडवे, पाचवा कडेवर उभा. चार आडवे, पाचवा उभा. मध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटी, वारा आरपार जावा म्हणून. आमचा सगळा वाटा असाच आहे. हा हात हाकनचा. तीस वर्षं रोज सकाळी मी तो बघत आलेय.

जेवण गेलं नाही. जवाची भाकरी तशीच पडली आहे.

२५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर खिडकीत. एक दगड हलला नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

सहा पावलं झाली आहेत. आणि दोरा सापडला.

एका फटीत अडकला होता. काळा, मातीने भरलेला. उचलला आणि बोटांनी मोजल्या, नऊ गाठी. पीळ उलटा, डावीकडे. लचकलेल्या हातापायाला बांधायचा दोरा. बेटावर आता तो फक्त मी काततेय. आणि लोकर माझ्या काळीची. तिच्या लोकरीची टोकं उन्हाने, खाऱ्या वाऱ्याने तांबूस पडतात, दोरा कातला तरी तो तांबूसपणा जात नाही. दुसऱ्या कुठल्या मेंढीचं हे असूच शकत नाही.

असा दोरा मी गेल्या पाच वर्षांत एकदाच बांधला. फेब्रुवारीत. हाकनच्या उजव्या मनगटाला. "मुरगळलं गं," म्हणाला. आजीचे शब्द पुटपुटत नऊ गाठी मारल्या. तो आपण होऊन गळून पडेपर्यंत काढायचा नसतो. मार्चमध्ये हाकन गेला. दोरा त्याच्या हातावरच असणार. त्याच्याबरोबरच मातीत गेला, अशीच माझी समजूत.

मग इथे कसा?

हात धुतले. परत धुतले. दोरा डब्यात घालून वर झाकण घट्ट लावलं आणि त्याच्यावर इस्त्री ठेवली. लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण इस्त्री काढायचा धीर होत नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

दाराला आतून खुर्ची लावली. मेलेल्या माणसाला खुर्ची अडवते का, हे कुणाला विचारणार? आणि अडवायचं तरी का? तीस वर्षं त्याच माणसाशेजारी झोपले.

२९ नोव्हेंबर, रविवार

देवळात गेले. पाहणीचा कागद दारावर लागलाय. दहा-अकरा तारखेला आमच्या बाजूची पाहणी.

प्रार्थना संपल्यावर क्वॉयनेसचा माणूस माझ्या बाकाकडे यायला लागला. हातात टोपी. तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणणारच होता. मी मागच्या दाराने निघाले, जवळजवळ पळालेच. त्याला भगदाड दिसलंय. सभेआधी तोंडावर सुनवायची मजा त्याला सोडवत नसणार.

ज्या दिवशी बोलणं तुटलं तो दिवस लख्ख आठवतो. कोंडवाड्यात सगळ्या बेटाच्या मेंढ्या भरलेल्या, लोकर उतरवायचं काम चाललेलं. एक काळं कोकरू, आईविना. आमची खूण डाव्या कानाला चीर. त्याची, डाव्याला चीर आणि उजव्याचं टोक उडवलेलं. कोकराच्या डाव्याला चीर होती, आणि उजव्याचं टोकही नव्हतं. मी म्हटलं, टोक आत्ता कापलंय, माझं कोकरू लाटायला. "चोर आहेस," म्हटलं, साठ माणसांसमोर. तो म्हणाला, "माझं आहे." मी कोकरू काखेत मारलं आणि घरी आले. हाकन चार पावलं मागून, मूग गिळून.

तीच काळी. आता म्हातारी झाली आहे.

तेव्हा इतकी खात्री होती. कान रक्ताने ओला होता का खरंच? आता नक्की सांगता येत नाही.

१ डिसेंबर, मंगळवार

इस्बेलला विचारलं. तिने आणि तिच्या बहिणीने हाकनला अखेरची आंघोळ घातली होती, मी तर शुद्धीवर नव्हते.

"मनगटाला दोरा होता का गं त्याच्या? काळा?"

तिच्या हातातली लोकर हातातच राहिली. "नव्हता."

"नीट आठव."

"थोरा, मी धुतले ते हात. काही नव्हतं." मग म्हणाली, "का?"

"काही नाही."

ती काहीतरी सांगणार होती. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. माझ्यापासून लपवण्यासारखं काय असतं? माणूस परत येतो हे यांना माहीत असतं का? सगळ्यांनाच, मी सोडून?

घरी येऊन बघितलं. नऊ पावलं. आता एक गोष्ट ध्यानात आली आहे आणि ती मला खायला उठली आहे. मी घरी असते तेव्हा दगड हलत नाही. मंगळवार आणि गुरुवार, मी शेडवर असते तेव्हाच. म्हणजे त्याला माझं वेळापत्रक पाठ आहे.

हाकनशिवाय कुणाला पाठ असणार?

३ डिसेंबर, गुरुवार

गेले नाही. अंगात कणकण आहे असा निरोप पाठवला. पडदे ओढले, दिवा लावला नाही, घर रिकामं दिसावं म्हणून. बघायचंच असं ठरवलं होतं.

दहा वाजता सुरू झालं. टक्. टक्. मग दगड बसल्याचा जड आवाज. परत टक्, टक्. दगड लावण्याआधी बोटाच्या पेराने दोनदा ठोकून बघायचं, पोकळ आहे का भरीव. हाकन असं करायचा. जेवणाच्या टेबलावरसुद्धा करायचा, भाकरीवर!

खिडकी चार पावलांवर होती. पडदा एक बोट सरकवायचा, एवढंच काम. नाही सरकवला. पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि कान दाबले. दोन वाजेपर्यंत तशीच. माझ्या जिभेला सगळं बेट भिऊन असतं म्हणे! आज कुणी बघायला हवं होतं.

दिसला असता तर काय केलं असतं? आणि दिसला नसता तर?

४ डिसेंबर, शुक्रवार

एर्लंडचा फोन. "आई, आवाज का असा येतोय?" म्हटलं, सर्दी. ये म्हणाला, विमानाने पंधरा मिनिटं. पहिल्यांदाच "बघू" म्हटलं मी. फोन ठेवल्यावर त्या "बघू"चीच धास्ती बसली.

८ डिसेंबर, मंगळवार

शेडवर गेले. घरात बसून तो आवाज ऐकण्यापेक्षा यंत्राचा आवाज बरा. परत आले तेव्हा पंधरा पावलं. दोन राहिली. भगदाड बुजल्यावर तो काय करणार? परत जाणार, का दाराशी येणार?

घराकडे येताना मोठ्याने म्हटलं, "हाकन, झालं ना आता, जा बाबा." मग रडू आलं. जा म्हटलं मी त्याला.

१० डिसेंबर, गुरुवार

अक्षर बघा कसं आलंय. पण आजच लिहायला हवं.

शेडवर जायला साडेनऊला निघाले. फाटकाशी पोचले आणि मागून काळी ओरडली. तिचा आवाज मी शंभरात ओळखते. वळून बघते तर उरलेल्या भगदाडातून आत शिरताना माझ्याच जाळ्यात शिंगं अडकवून बसलेली. जितकी ओढतेय तितकं जाळं गळ्याभोवती आवळतंय. आणि गडग्याआडून टक्, टक्. मग तेही थांबलं.

जीव मुठीत धरून गेले. खोटं कशाला, अर्ध्या वाटेवर उभी राहिले होते. मग काळी परत ओरडली, घुसमटल्यासारखी. हाकनची काठी घेतली होती. हाकनला मारायला हाकनचीच काठी!

गडग्याशी कुणीतरी वाकलेलं. काळीला गुडघ्यांत धरलेली, हातात सुरी, आणि सुरी तिच्या कानापाशी. टोपी सरकली आणि तोंड दिसलं. क्वॉयनेसचा माणूस.

अकरा वर्षांनी माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "कान कापतोस होय रे पुन्हा?"

त्याने वर पाहिलं. "जाळं कापतोय. ये, शिंगं धर. तुझं तोंड आहे तसंच आहे, बरं वाटलं."

शिंगं धरली. दोघांनी मिळून सोडवली तिला. ती उठली, अंग झाडलं आणि निर्लज्जासारखी गवतात तोंड घालायला निघाली. तो तिला ढकलत बाहेर घेऊन गेला. मी तिथेच दगडावर बसले.

"तुला कुणी सांगितलं माझ्या गडग्याला हात लावायला?"

"हाकनने."

माझं तोंड पांढरं पडलं असणार, कारण तो पटकन म्हणाला, "मेल्यावर नाही. फेब्रुवारीत. म्हणाला, मी गेलो तर थोराचा गडगा बघ. मी म्हटलं, ती मला उभं करणार नाही. तो म्हणाला, मंगळवारी-गुरुवारी ती नसते."

"देवळात सांगायचं होतंस."

"आलो होतो की. तू पळालीस."

मी दोऱ्याचं विचारलं. त्याने उजवं मनगट वर केलं. "इथे होता. दोनेक आठवड्यांपूर्वी कधीतरी गळला. फेब्रुवारीत मुरगळलं होतं माझं. हाकन म्हणाला, थोराच्या दोऱ्याशिवाय उतरायचं नाही. पण माझ्या नावाने मागितला असता तर तू दोरा नाही, फास दिला असतास. म्हणून त्याने स्वतःच्या हातावर बांधून घेतला आणि तसाच सरकवून आणून दिला."

"म्हणजे त्याचं मनगट दुखतच नव्हतं?"

"छे. पण तू दोन दिवस त्याला भाकरी मोडून हातात देत होतीस म्हणे. खूश होता."

देत होते. डाव्या हाताने सांडतं म्हणाला म्हणून. लबाड.

"उतरलं का मनगट?"

"तिसऱ्या दिवशी. तरी काढला नाही. गळेपर्यंत काढायचा नसतो ना."

मग मी विचारलंच. ही काळी खरं कुणाची?

त्याने सुरीला अडकलेला जाळ्याचा धागा काढला. "देव जाणे. टोक बहुतेक पक्ष्याने तोडलं असेल, नाहीतर गोठून गळलं असेल. मला माहीत नव्हतं. मी म्हणणारही होतो, माहीत नाही म्हणून. पण तू आधी चोर म्हणालीस. मग मी म्हटलं, माझंच."

एवढंच. एवढ्यासाठी अकरा वर्षं. आणि मी तिच्या लोकरीचे मोजे घालून मिरवले.

"हाकनसारखा हात तुला कसा आला?" मी विचारलं.

त्याने एक दगड उचलला, पेराने दोनदा ठोकला. "जोडीने काम केलं की येतो," म्हणाला, आणि पाठ फिरवली.

चहाला बोलावलं. नको म्हणाला, उजेड जाईल. मी दगड हातात देत गेले, लहान लहान. अडीचला सतरावं पाऊल झालं.

१२ डिसेंबर, शनिवार

सभा. तो उभा राहून एकेका घराचं वाचत होता. आमचं आलं तेव्हा भीती वाटलीच, सवयच झाली आहे. "गडगा उभा. मेंढ्या बाहेर." पुढचं घर.

मी उभी राहिले. गुडघ्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला असेल. म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी मी या माणसाला कोंडवाड्यात चोर म्हणाले, ते चूक होतं. आमचा गडगा पडला होता, तो याने उभा केला. शेडवर मी खोटं बोलले. इतकी घाबरले होते की शेवट नीट लागला नाही, म्हणून काहीतरी बोलायचं तर म्हटलं, "हाकनचा हात याला आलाय. तेवढं तरी राहिलं."

पुन्हा सगळ्यांच्या माना खाली. या वेळी पुरुषांच्याही. आणि त्याची सगळ्यात खाली.

बाहेर पडताना इस्बेलने माझा दंड धरला. "थोरा, उद्या देवळातून घरी जाताना क्वॉयनेसच्या बाजूने जा. उजेड आहे तोवर."

"का?"

"जा गं."

१३ डिसेंबर, रविवार

गेले. त्याचा गडगा अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिला, नीट तर आयुष्यात पहिल्यांदा. चार आडवे, पाचवा उभा. चार आडवे, पाचवा उभा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर जुनं दगडफूल चढलेलं. हा स्वेनचा हात. आमचाही सगळा गडगा स्वेनचाच.

मग हद्दीवरच्या त्या बेढब तुकड्यापाशी आले. दोन पावलं. पोट सुटलेलं, एक दगड धड बसलेला नाही. तेवढंच हाकनचं. उजेड जाईपर्यंत त्याच्यावर हात ठेवून उभी होते.